शीतसाखळी

नाशिवंत अन्न उत्पादनस्थळापासून ग्राहकापर्यंत ठरावीक थंडीत ठेवण्याची अखंड व्यवस्था. दूध, मासळी, मांस यांसाठी साधारणतः ०° ते ५° से., तर गोठवलेल्या पदार्थांसाठी –१८° से. किंवा त्याहून कमी तापमान राखतात. फळांना वेगळे निकष लागतात : द्राक्षे ०° से.च्या आसपास टिकतात, पण केळी सुमारे १३° से.खाली काळवंडतात.

उगम : यांत्रिक शीतकरणाने मांसवाहतूक प्रथम कोणी केली, याविषयी एकमत नाही. इंग्रजी ग्रंथांत हा मान बहुधा १८८२ मध्ये न्यूझीलंडहून लंडनला पोहोचलेल्या ‘डनिडिन’ जहाजाला दिला जातो. तथापि ‘स्ट्रॅथलेव्हन’ने ऑस्ट्रेलियातील मांस १८८० च्या आरंभीच लंडनला नेले होते. त्याहीपूर्वी, १८७६ मध्ये, फ्रेंच अभियंता शार्ल तेलिये याचे ‘फ्रिगोरिफिक’ हे जहाज रूआँहून ब्वेनस आयरीसला गेले. त्यातील मांस गोठवलेले नव्हते; ते ०° से.च्या आसपास ठेवले होते आणि त्याच्या चवीविषयी तक्रारी झाल्या. लगेच १८७७–७८ मध्ये ‘पाराग्वे’ जहाजाने फ्रेंच अभियंता फेर्दिनां कारे याच्या अमोनियावर चालणाऱ्या शीतयंत्रावर मांस गोठवून आणले व ते उत्तम स्थितीत उतरले. व्यापारी यश गोठवणाऱ्यांच्या पदरी पडले, हे खरे. परंतु थंड (न गोठवलेल्या) अन्नापुरता आरंभ तेलियेपासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

तत्त्व : थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जंतू तर ०° से.च्या जवळपासही वाढतो, आणि अन्नाला वास वा चव न बदलता तो धोकादायक ठरू शकतो. कच्च्या दुधात वाढणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंची दूध नासवणारी काही विकरे (एन्झाइमे) पाश्चरीकरणातूनही टिकतात. म्हणून कच्चे दूध थंड करण्यातील उशीर पुढे भरून निघत नाही. शीतवाहन माल थंड करण्यासाठी नसते, आधीच थंड केलेला माल तसाच राखण्यासाठी असते. ही बाब व्यवहारात वारंवार विसरली जाते. गाडीच्या भिंतीवरील आकडा हवेचा असतो. मालाचे तापमान पाहण्यासाठी तपासनीस दोन पिशव्यांच्या मध्ये तापमापकाची सळई धरतात.

पुणे परिसर : जिल्ह्यातील गावांत दूध हे संकलन केंद्रांवरील बल्क कूलरमध्ये (थंड करणाऱ्या मोठ्या टाकीत) सुमारे ४° से.पर्यंत थंड केले जाते व टँकरने शहरातील डेअऱ्यांत येते. कात्रज येथील सहकारी दूध संघाची डेअरी त्यांत प्रमुख. पिशव्यांचे क्रेट पहाटे दुकानांच्या दारात उतरवून ठेवतात, आणि बंद शटरबाहेरचा तो वेळ साखळीतील सर्वांत कच्चा दुवा होय. गणेश पेठेतील बाजारात मासळी थर्माकोलच्या पेट्यांत बर्फाच्या चुऱ्यात येते. बर्फ वितळला आणि बांगडा तापला, तर त्यात हिस्टामीन हे बाधक द्रव्य तयार होते; ते शिजवूनही जात नाही. तळेगाव दाभाडे येथे काढणीपश्चात तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे.

नियमन अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये होते. राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.