नानकटाईतून साखर काढताना

दिवाळीच्या आठ दिवस आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचे, आपले ट्रे भट्टीत जाईपर्यंत तिथेच थांबायचे आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणायची, ही महाराष्ट्रातल्या अनेक घरांची जुनी रीत. आता घरोघरी लहान ओव्हन आले आहेत आणि त्याच काळात घरोघरी मधुमेहही आला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. माझ्या सासूबाई त्यांपैकी एक. गेल्या दिवाळीत त्यांना निर्धास्तपणे खाता यावी अशी नानकटाई करायची म्हणून मी मैद्याऐवजी बदामाचे पीठ घेतले, साखरेऐवजी तेवढ्याच वजनाचे एरिथ्रिटॉल हे साखरेसारखे दिसणारे गोड चूर्ण घातले आणि बाकीची कृती जशीच्या तशी ठेवली. ट्रे बाहेर आला तेव्हा तुपात न्हालेल्या, पांढुरक्या, पसरट चकत्या समोर होत्या. उचलायला गेले तर हातात भुगा आला. दुसऱ्या दिवशी त्यांतली उरलीसुरली नानकटाई दाताखाली बारीक वाळूसारखी कचकचत होती आणि गिळल्यावर जिभेवर पेपरमिंट खाल्ल्यासारखा गारवा राहत होता.

या दोषांची कारणे एकेक करून शोधत गेले, तेव्हा ध्यानात आले की मी साखरेला केवळ गोडीचा पदार्थ समजत होते. बिस्किटाच्या किंवा नानकटाईच्या पिठात गोडी आणणे हे तिच्या अनेक कामांपैकी एक काम आहे, आणि ते दुसऱ्याकडे सोपवायला सर्वांत सोपे आहे.

तिचे पहिले काम तूप फेसताना सुरू होते. पिठीसाखरेचे कण तुपात घोटले जातात तेव्हा त्यांच्या कडांना धरून हवेचे सूक्ष्म बुडबुडे तुपात अडकतात; हेच बुडबुडे पुढे भट्टीत फुगतात आणि नानकटाई हलकी होते. दुसरे काम पाणी धरून ठेवण्याचे. साखरेला पाण्याची ओढ फार, त्यामुळे पिठात जो थोडा ओलावा असतो तो ती आपल्याकडे खेचते. मैद्यातील प्रथिनांना ग्लुटेनचे चिवट जाळे विणायला आणि स्टार्चच्या कणांना फुगायला मग पुरेसे पाणी मिळत नाही, आणि नानकटाई पोळीसारखी चिवट न होता खुसखुशीत राहते. ओव्हनच्या उष्णतेत ही साखर त्या ओलाव्यात विरघळून दाट पाक होतो, गोळा सावकाश पसरतो आणि वरच्या वाळलेल्या पापुद्र्याला तडे जातात. बाहेर काढल्यावर तोच पाक थंड होताना बराचसा काचेसारखा घट्ट होतो. नानकटाई मोडताना येणारा ‘कट्’ असा आवाज बऱ्याच अंशी या काचेचा असतो.

रंग आणि खमंग वास हे आणखी एक काम. पिठातील अमिनो आम्ले आणि ग्लुकोज, फ्रुक्टोज यांसारख्या क्षपणकारी शर्करा (‘रिड्यूसिंग शुगर’, म्हणजे ज्यांच्या रेणूत सहज अभिक्रिया करणारा गट असतो अशा) उष्णतेत एकमेकांशी संयोग पावतात आणि तपकिरी रंगाची, खमंग वासाची शेकडो संयुगे तयार होतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई कामीय मेयार याने १९१२ साली वर्णन केलेली ही अभिक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, स्वतः क्षपणकारी नाही. पण भाजताना तिचा थोडा भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत विभागला जातो आणि तो या अभिक्रियेत उतरतो. एरिथ्रिटॉल हे शर्करा-अल्कोहोल आहे, म्हणजे साखरेसारखा गोड पण वेगळ्या रचनेचा पदार्थ (दारूशी त्याचा संबंध नाही); त्याच्या रेणूत अशा अभिक्रियेला लागणारा गटच नसतो. माझ्या नानकटाया पांढुरक्या राहण्याचे मुख्य कारण हेच होते.

मैदा गेल्याने झालेला बदलही लहान नव्हता. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७४ ग्रॅम कर्बोदके असतात. तेवढ्याच बदामाच्या पिठात तंतू वगळता सुमारे १० ग्रॅम. परंतु बदामाचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. २०० ग्रॅम बदामाच्या पिठातून सुमारे १०० ग्रॅम स्निग्धांश आधीच आलेला असताना मी नेहमीचे ११५ ग्रॅम तूप त्यात ओतले होते. ते शोषायला स्टार्च नाही, बांधून ठेवायला ग्लुटेन नाही आणि शेवटी पकडून ठेवायला साखरेची काचही नाही. मग भुगा होण्यावाचून दुसरे काय होणार? बिनमैद्याच्या बदामी बिस्किटांची परंपरा मात्र नवी नाही. जर्मनीत नाताळला दालचिनीच्या स्वादाच्या चांदण्या करतात, त्यांत बदामाची पूड अंड्याच्या पांढऱ्या बलकाने बांधलेली असते. आपली नानकटाई बिनअंड्याची असल्यामुळे मला दुसरा बांधणारा पदार्थ हवा होता, आणि तो घरातच औषधाच्या कप्प्यात सापडला. इसबगोलाच्या भुशीतील तंतू पाणी शोषून दाट जेलीसारखे होतात आणि ही जेली बदामाचे कण एकमेकांना धरून ठेवते. तिच्यातून पचणारी कर्बोदके जवळजवळ येतच नाहीत.

आता गोडीकडे. कृत्रिम गोडीच्या इतिहासातली एक हकिकत प्रसिद्ध आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे लेस्ली हफ यांच्या हाताखाली साखरेच्या क्लोरीनयुक्त संयुगांवर काम करीत होते. एक संयुग ‘टेस्ट’ करा, म्हणजे तपासा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांना ते ‘टेस्ट’ म्हणजे चाखा असे ऐकू आले आणि त्यांनी ते जिभेवर ठेवले. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असलेले सुक्रालोज असे हाती लागले. चहात ते चालते, पण १२० अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यास त्यातून क्लोरीनयुक्त घातक संयुगे तयार होण्याची शक्यता असल्याचा इशारा जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०१९ साली दिला आहे, त्यामुळे भट्टीच्या पदार्थांत मी ते घालत नाही. ॲस्पार्टेम उष्णतेने विघटित होऊन आपली गोडीच गमावते. स्टीव्हियाच्या पानांतून काढलेली संयुगे उष्णता बऱ्यापैकी सोसतात आणि साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. अडचण वेगळीच येते. ६० ग्रॅम साखरेची गोडी साधारण पाव ग्रॅम स्टीव्हियात मिळते, म्हणजे वाटीभर साखर जिथे होती तिथे आता चिमूटही नाही. हवा धरायला कण नाहीत, पाक व्हायला काही नाही, शिवाय जास्त झाले की मागाहून कडवटपणा येतो.

म्हणून वजन आणि आकारमान भरून काढायला शर्करा-अल्कोहोलच लागतात. त्यांत माल्टिटॉल साखरेशी सर्वांत मिळतेजुळते वागते, पण रक्तातली साखर ते काही प्रमाणात वाढवते. बाजारातल्या साखरविरहित बिस्किटांत पुष्कळदा हेच असते आणि सोबत मैदाही असतो, म्हणून पुड्यावरची ठळक अक्षरे सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. झायलिटॉल साखरेइतके गोड आहे. पण ते कुत्र्यांना विषारी असते, त्यांची रक्तशर्करा त्याने झपाट्याने उतरते. घरात कुत्रा असेल तर ते स्वयंपाकघरात आणूच नये.

एरिथ्रिटॉल या सगळ्यांत वेगळे. त्याचा रेणू फक्त चार कार्बनांचा, त्यामुळे सुमारे ९० टक्के भाग लहान आतड्यातच शोषला जातो आणि शरीरात वापरला न जाता लघवीवाटे बाहेर पडतो. रक्तातली साखर त्याने वाढत नाही आणि इतर शर्करा-अल्कोहोलांच्या मानाने पोटही कमी बिघडते. गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के. दोष दोन. एक, ते पाण्यात साखरेपेक्षा पुष्कळ कमी विरघळते आणि १२१ अंशांना वितळते. ओव्हनमध्ये पातळ झालेले एरिथ्रिटॉल थंड होताना काचेचे रूप न घेता पुन्हा स्फटिक बनवते, आणि दुसऱ्या दिवशीची कचकच ती हीच. दोन, त्याचे स्फटिक तोंडात विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतात: १ ग्रॅममागे सुमारे १८० ज्यूल, साखरेच्या जवळजवळ दसपट. जिभेवरचा गारवा हा केवळ भास नसतो, तोंड खरोखर किंचित थंड होते. माझ्या पहिल्या खेपेत मी भरपूर वेलदोडाही घातला होता आणि वेलदोड्याच्या तेलात सिनिओल हे जिभेला गार लागणारे द्रव्य असते, त्यामुळे गारव्यात गारवा मिसळला. जायफळ इथे अधिक शोभते.

गूळ आणि खजूर यांचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते, कारण ‘साखर नाही, गूळ घातला आहे’ असे म्हणून मधुमेही माणसाच्या हातात लाडू ठेवताना मी अनेकदा पाहिले आहे. गुळाच्या वजनाचा ६५ ते ८५ टक्के भाग सुक्रोजच असतो आणि खजुराचाही अर्ध्याहून अधिक भाग साखरच. चव, रंग, थोडी खनिजे यांसाठी ते जरूर वापरावेत, पण रक्तशर्करेच्या हिशेबात ते साखरेच्याच रकान्यात येतात.

हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडावा. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर आणि ११५ ग्रॅम तूप यांच्या २० नानकटाया केल्या तर प्रत्येकीत साधारण १२ ग्रॅम कर्बोदके आणि १०५ ते ११० किलोकॅलरी येतात. बदामाच्या सुधारलेल्या कृतीत कर्बोदके सव्वा ग्रॅमपर्यंत उतरतात, उष्मांक मात्र ९५ च्या आसपासच राहतात. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, वजनाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हिया, सुक्रालोज यांसारख्या गोडी आणणाऱ्या पदार्थांचा आधार घेऊ नये असे सुचवले. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती आणि शर्करा-अल्कोहोल तिच्यात धरलेले नव्हते. पण एरिथ्रिटॉलबद्दलही सावधगिरीला जागा आहे. रक्तात त्याचे प्रमाण जास्त असलेल्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात अधिक आढळले, असे २०२३ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले; त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. २०२४ साली त्याच गटाने निरोगी माणसांना एका वेळी ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल दिले तेव्हा त्यांच्या रक्तातील बिंबिकांची (प्लेटलेट्सची) गुठळी करण्याची प्रवृत्ती वाढली. माझ्या नव्या कृतीत एका नानकटाईत ते ३ ग्रॅम आहे. एखाददुसरी खाणे आणि डबा जवळ घेऊन बसणे यांतला फरक या आकड्यावरून कळतो. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

सुधारलेली खेप अशी होती: २०० ग्रॅम बदामाचे बारीक पीठ, ७५ ग्रॅम थिजलेले साजूक तूप, मिक्सरमधून पिठीसाखरेइतके बारीक केलेले ६० ग्रॅम एरिथ्रिटॉल, पाव ग्रॅम स्टीव्हिया, चमचाभर इसबगोल, दोन छोटे चमचे पाणी, जायफळ, मीठ आणि ८ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर. ही पावडर रंगासाठी, कारण तिच्यातली दुग्धशर्करा क्षपणकारी आहे. साऱ्या खेपेत ती सुमारे ४ ग्रॅम येते, म्हणजे प्रत्येक नानकटाईत पाव ग्रॅमही नाही. स्टीव्हिया आधी एरिथ्रिटॉलमध्ये नीट मिसळून घ्यावे, नाहीतर एक नानकटाई कडू आणि दुसरी फिकी होते. मळलेला गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला, नानकटाया वळल्या आणि १५० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजल्या, कारण बदाम मैद्यापेक्षा लवकर करपतो. कडा सोनेरी झाल्या की ट्रे बाहेर काढावा, पण नानकटाईला लगेच हात लावू नये. त्या क्षणी तूप पातळ आणि एरिथ्रिटॉल वितळलेले असते, तिला धरून ठेवणारे फारसे काही नसते. अर्ध्या तासाने तीच नानकटाई बोटांत अखंड उचलली जाते आणि मधोमध मोडली तर दोनच तुकडे होतात.