इंग्रजी लेखनावरील प्रथमभाषेचा प्रभाव (सोलापूर)

प्रथमभाषेतील व्याकरणाचे आणि मजकूर रचण्याच्या रीतीचे संस्कार दुसऱ्या भाषेतील लेखनात उतरणे, यास भाषाविज्ञानात संक्रमण म्हणतात. ते साहाय्यक असते तेव्हा नजरेस येत नाही. बाधक ठरले तरच त्याची नोंद होते, आणि तीही चूक म्हणून.

भाषावैज्ञानिक रॉबर्ट लाडो यांच्या 1957 मधील मांडणीनुसार दोन भाषांतील भेदांवरून शिकणाऱ्याच्या अडचणींचे भाकीत करता येते (व्यतिरेकी विश्लेषण). पिट कॉर्डर (1967) व लॅरी सेलिंकर (1972) यांनी विद्यार्थ्याच्या भाषेस स्वतःचे नियम असतात असे मानले; सेलिंकर यांनी तिला 'आंतरभाषा' म्हटले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण इंग्रजी उपपदांच्या ('अ', 'अॅन', 'द') चुका ज्यांच्या भाषेत उपपदे आहेत असे विद्यार्थीही करतात. परिच्छेदरचनेलाही संस्कृतीचे वळण असते, हे रॉबर्ट कॅप्लन यांचे 1966 मधील प्रतिपादन बरेच गाजले. मात्र त्यांच्या ढोबळ वर्गीकरणात मराठीला स्वतंत्र स्थान नाही, म्हणून ते येथे जपूनच लावावे.

सोलापुरात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शहरात मराठीबरोबर कन्नड, विणकर पद्मशाली समाजाची तेलुगू आणि दखनी वळणाची उर्दू नांदते. 2004 मध्ये स्थापन झालेल्या येथील विद्यापीठाच्या परिसरातील वर्गांत या चारही भाषा घरी बोलणारी मुले असणे स्वाभाविक आहे. चारही भाषांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते आणि इंग्रजीतील 'द'सारखे निश्चित उपपद कोणत्याच भाषेत नाही. मरे एमेनो यांनी 1956 मध्ये भारताला एक भाषिक क्षेत्र (निरनिराळ्या कुळांतील भाषांत समान लक्षणे आढळणारा प्रदेश) मानले ते अशाच समान लक्षणांच्या आधारे. त्यामुळे गळालेल्या 'द'वरून लेखकाची प्रथमभाषा ओळखता येत नाही. 'सिन्स थ्री इयर्स' हा प्रयोग 'तीन वर्षांपासून'शी तंतोतंत जुळत असला, तरी तो भारतीय इंग्रजीत सर्वदूर आढळतो. विद्यार्थ्याने तो घरच्या भाषेतून नव्हे, तर शाळेत ऐकलेल्या इंग्रजीतूनच उचललेला असणे शक्य आहे.

'ऑल्दो' नंतर पुन्हा 'बट' किंवा 'स्टिल' येणे ही खूण तुलनेने उपयुक्त दिसते. मराठीतील 'जरी–तरी' ही जोडी दोन्ही उपवाक्यांना खूण लावते, तर कन्नड व तेलुगूत हा अर्थ प्रायः क्रियापदाच्या प्रत्ययाने व्यक्त होतो. तथापि मराठी माध्यमात शिकलेला तेलुगूभाषक विद्यार्थीही 'जरी–तरी'तच विचार मांडू लागतो. म्हणून सोलापुरात 'मातृभाषा' आणि 'लेखनाची पहिली भाषा' यांत भेद करणे आवश्यक ठरते.

सर्वनामांतही असा भेद दिसतो. मराठीतील 'आपण' वाचकाला सामावून घेते, 'आम्ही' त्याला वगळते. तेलुगूत 'मनम' व 'मेमु' असा समांतर भेद आहे. आधुनिक कन्नडमध्ये मात्र दोहोंसाठी 'नावु' हे एकच रूप चालते. प्रबंधातील इंग्रजी 'वुई' हा भेद पुसून टाकते, आणि एकट्याने लिहिलेल्या प्रबंधात ते कोणाकोणाला उद्देशून आले आहे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.