पायाची गोळी आणि दिवाणातले गाऊन

आमच्या आत्याचे पाय रात्री शिवशिवायचे. दुखतात म्हणावं तर दुखत नाहीत, पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटतंय असं वाटतं, उठून चाललं की बरं आणि आडवं झालं की परत सुरू. पोटऱ्यांना सोलापुरी टॉवेल घट्ट बांधून ती रात्री दोन-दोनला अंगणात फेऱ्या मारायची, आणि आम्ही म्हणायचो वात असेल. वात नव्हता, रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम होता. तसा जुनाच आजार आहे, थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1672 मध्येच लिहून ठेवलाय.

डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल नावाची गोळी सुरू केली आणि आत्या पहिल्या आठवड्यातच गाढ झोपायला लागली, सगळे खूश. मग सहा-सात महिन्यांनी दिवाळीची साफसफाई करताना दिवाणात तेवीस गाऊन निघाले, सगळ्यांवर किमतीची चिठ्ठी तशीच. भिशीचे पैसे त्यातच गेलेले. आणि रात्री परत जागी, पण आता फेऱ्या नाहीत, परातीत शेंगदाणे घेऊन बसायची, मोठे वेगळे, बारके वेगळे, झाले की परत एकत्र करून पहिल्यापासून. घरात भांडणं. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं पहिल्यापासूनच उधळी. गोळीचं नाव कुणाच्या डोक्यात आलंच नाही, कारण गोळी पायाची होती ना!

पण ती खरं तर डोक्याचीच गोळी. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, ते हालचाल सांभाळतं आणि "मजा आली, परत कर" हेही सांगतं. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, रोटिगोटिनची पट्टी ही औषधं डोपामिनची नक्कल करतात, आणि ती ज्या डी-3 रिसेप्टरला (डोपामिनचा निरोप घेणाऱ्या जागांपैकी एक प्रकार) जास्त चिकटतात ते मेंदूच्या नेमक्या त्या मजेच्या भागात भरपूर असतात. संशोधकांचं एक म्हणणं मला फार पटतं. रमीत हरलात की मेंदूत डोपामिन जरा खाली येतं आणि तोच "बास आता" हा निरोप असतो, पण रिसेप्टरवर औषध आधीच ठाण मांडून बसलेलं असेल तर तो निरोप पोचतच नाही. म्हणून जुगार, खरेदी, रात्री उठून खाणं, अचानक वाढलेली कामवासना (ही तर आपल्याकडे कुणी डॉक्टरला सांगणारच नाही), आणि शेंगदाण्यासारखं तेच ते काम, त्याला पंडिंग म्हणतात.

2010 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या 3090 पार्किन्सन (कंपवात) पेशंटचा अभ्यास आला होता, त्यांनाही हीच औषधं देतात, त्यात या गटातली औषधं घेणाऱ्या 17.1 टक्के लोकांना असं काहीतरी होतं, न घेणाऱ्यांमध्ये 6.9 टक्के. पायासाठी डोस खूपच कमी असतो, सुरुवात 0.125 मिलीग्रॅमपासून, म्हणून आधी वाटायचं की इथं धोका नाही, पण तसं नाही, इथंही होतं, आणि महिनोन्महिने उशिरा होतं म्हणून संबंध लागत नाही.

दुसरी गोची म्हणजे ऑगमेंटेशन. रात्री दहाला सुरू होणारी शिवशिव हळूहळू दुपारी चारला यायला लागते, कधी हातातही, मग वाटतं गोळी कमी पडतेय, डोस वाढवतात, आणि आजार अजून चिघळतो. म्हणूनच 2025 च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये ही औषधं सरसकट देऊ नका म्हटलंय, त्याऐवजी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, आणि आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. डोपामिन तयार व्हायला लोह लागतं, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो. मोठ्या माणसात फेरिटिन 75 किंवा कमी असेल तर लोह द्यायचा विचार करतात. आत्याचं 18 निघालं!

हे वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी बंद करू नका हां, एकदम सोडली की घाबरं होणं, घाम, उदासी, पाय तर दुप्पट. आत्याची डॉक्टरांनी हळूहळू उतरवली, दोन-अडीच महिने गेले, मधल्या काही रात्री फार वाईट होत्या. खरेदी मात्र आपोआप थांबली, कुणी समजावलं नाही, शपथ घातली नाही.

दुकानदारानं गाऊन काही परत घेतले नाहीत. संक्रांतीला गल्लीत वाण म्हणून वाटले. टॉवेल अजून उशाला असतो, आठवड्यातून एखाद्या रात्री लागतो.