साहाय्यित निर्णयप्रक्रिया

अपंगत्व असलेल्या व्यक्तीने आपल्या आयुष्याचे निर्णय स्वतः घ्यावेत आणि त्यासाठी लागेल ती मदत विश्वासातल्या माणसांकडून मिळवावी, अशी पद्धत. माहिती समजून घेणे, पर्याय तोलणे, आपले म्हणणे इतरांपर्यंत पोहोचवणे यांत मदत होते. शेवटचा शब्द मात्र त्या व्यक्तीचाच असतो. तिच्या वतीने निर्णय घेणारा कायदेशीर पालक नेमला, की नेमका हा शेवटचा शब्दच तिच्या हातून जातो.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराने (अनुच्छेद १२) कायद्यासमोरील समान दर्जा आणि त्यासाठी साहाय्य मिळण्याचा हक्क मान्य केला. पेरू देशाने २०१८ मध्ये कायदा बदलून अपंग प्रौढांना पूर्ण कायदेशीर क्षमता दिली.

प्रश्न ऐरणीवर येतो तो सज्ञान होताना. बँकेतले खाते, उपचारांना संमती, पुढचे शिक्षण, कुणासोबत राहायचे, हे सगळे एकदमच समोर येते. तोवर कपड्यांपासून मित्रांपर्यंत सगळे घरच्यांनीच ठरवले असेल, तर त्या मुलाला किंवा मुलीला निवड करण्याचा सरावच नसतो, आणि मग त्याच सरावाच्या अभावाला अक्षमता म्हटले जाते. हा मोठा अन्याय आहे. म्हणून सुरुवात लहानपणी आणि छोट्या गोष्टींपासून करणे उत्तम.

विचारण्याची रीत इथे फार महत्त्वाची. ‘तिकडे जायचंय ना?’ असे विचारले की समोरच्याला खूश ठेवायला शिकलेला तरुण ‘हो’ म्हणतो. दोन पर्याय दिले तर काहीजण शेवटचा शब्दच परत उच्चारतात. त्यामुळे क्रम उलटा करून पुन्हा विचारतात, चित्रे दाखवतात, शक्य असल्यास ती जागा प्रत्यक्ष दाखवून आणतात. संवादफलकावर एकेक अक्षर दाखवत बोलणाऱ्याला वेळ लागतो. त्याचे वाक्य मध्येच पुरे करणे टाळावे लागते. बोलता न येणाऱ्यांच्या बाबतीत चेहरा, हालचाल, नकार यांवरून त्यांना ओळखणारी माणसे इच्छेचा अर्थ लावतात. असा अर्थ एकट्याने लावू नये.

साहाय्य करणाऱ्याचा दबाव हा खरा धोका आहे, विशेषतः पैशांच्या व्यवहारांत. त्यामुळे एकाहून अधिक साहाय्यक, लेखी करार आणि साहाय्यक बदलण्याची मोकळीक असावी लागते. घरच्यांना न पटणारा निर्णय म्हणजे अक्षमतेचा पुरावा नव्हे. इंग्लंड आणि वेल्सच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यातही हे तत्त्व स्पष्टपणे नोंदवलेले आहे.