मोठी बॅटरी टाकली, तरी गाडी पळत का नाही?

"गाडी पयत नही भो, मोठी बॅटरी टाकी दे."

लहान मुलांची जुनी इलेक्ट्रिक गो-कार्ट घेऊन जो कोणी माझ्या ओट्यावर येतो, त्याचं पहिलं वाक्य हेच. मोठी म्हणजे किती मोठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: सातची आहे, बाराची टाकू. हे सात आणि बारा म्हणजे एएच, अँपिअर-अवर, बॅटरीत वीज किती साठते त्याचं माप. तक्रार वेगाची आणि मागणी एएचची. दोन्हींचा एकमेकांशी संबंध किती, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

एएच काय असतं ते खान्देशात कुणाला शिकवायची गरज नाही. दीपनगरचं वीज केंद्र आमच्या भुसावळच्या उशाशी, तरी लोडशेडिंगच्या दिवसांत घराघरात इन्व्हर्टर आला तो आलाच. दीडशे एएच म्हणजे दोन पंखे, चार बल्ब आणि रात्र निघाली, हा हिशेब आमच्या आजीलाही येतो. तो इथे पुन्हा सांगत नाही.

पण घोळ तिथूनच सुरू झालाय. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी जवळपास नेहमी १२ व्होल्टचीच. दुकानात गेलं की शंभरची घ्यायची, दीडशेची की दोनशेची, एवढाच प्रश्न. व्होल्ट कुणी विचारत नाही, कारण तो बदलतच नाही. वर्षानुवर्षं एकच आकडा बदलताना पाहिल्यावर 'मोठी बॅटरी' म्हणजे 'जास्त एएच' हे डोक्यात पक्कं बसलं. कार्टमध्ये मात्र व्होल्ट बदलतो. कुठे १२, कुठे २४, कुठे ३६. आणि गाडी किती जोरात पळणार हे तोच ठरवतो.

ठिबकवाल्यांना हे दोन मिनिटांत कळतं. केळीच्या बागेजवळ टाकी दहा मीटर उंच बांधली, तर खाली साधारण एक किलो प्रेशर मिळतं. टाकी हजार लिटरची असो की दहा हजारांची, प्रेशर एकच किलो. दहा हजारांची टाकी जास्त वेळ चालेल, पण ड्रीपरमधून थेंब जोरात पडणार नाही. उंची म्हणजे व्होल्ट, लिटर म्हणजे एएच. टाकी रुंद करून कुणी प्रेशर वाढल्याचं पाहिलंय का? कार्टला मात्र तेच करायला निघतात.

रेल्वेवाल्यांसाठी आणखी सोपं. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट कायम असतात. डब्ल्यूएजी-५ सारख्या जुन्या इंजिनात ट्रान्सफॉर्मरवर टॅप चेंजर असतो, त्याला ३२ नॉच, म्हणजे पायऱ्या. ड्रायव्हर एकेक नॉच वर घेतो तसा मोटारींना मिळणारा व्होल्ट वाढतो आणि मालगाडी वेग पकडते. कार्टमधली लोहचुंबकाची, कार्बनवाली डीसी मोटारही याच जातीची, फक्त खिशात मावेल एवढी. व्होल्ट दीडपट केला की मोकळी फिरताना ती दीडपट फिरते. ओढ, म्हणजे चढावर किंवा जागेवरून उठताना लागणारा जोर, येते अँपिअरमधून, आणि मोटार किती अँपिअर घेणार हे तिच्यावरचा भार ठरवतो. बॅटरीवर ६५ एएच लिहिलंय म्हणून मोटार ६५ अँपिअर पिऊन टाकत नाही. ही भीतीही लोकांना असते, आणि गंमत म्हणजे तोच माणूस एएच वाढवला की वेग वाढेल असंही म्हणतो.

आता खरा पेच. एवढं समजावून सांगितल्यावर समोरचा शांतपणे म्हणतो, "पण आप्पा, आमच्या शेजाऱ्यानं सातची काढून बाराची टाकली, आणि गाडी खरंच पळायला लागली." आणि तो खोटं बोलत नसतो.

होतं काय, की भंगारातून किंवा बंद पडलेल्या गेम झोनमधून आलेल्या कार्टमध्ये १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन सीलबंद बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, मिळून २४ व्होल्ट. त्या तीन-चार उन्हाळे खाऊन बसलेल्या असतात. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मं होत जातं, आणि जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळिशी गाठतो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या कार्टचं काय होत असेल ते समजून घ्या. अशी बॅटरी नुसती मोजली तर मीटर २५ दाखवतो आणि माणूस म्हणतो, बॅटरी तर फुल आहे. पेडल दाबून पोरगं गाडीवर बसलेलं असताना मोजा. काटा धाडकन २० च्या आसपास येतो. आतला रेझिस्टन्स वाढलेला, करंट मागितला की व्होल्ट आतच खर्ची पडतो. मोटारीला २४ मिळतच नाहीत, म्हणून गाडी हळू. बहुतेक २४ व्होल्टचे कंट्रोलर, म्हणजे पेडल दाबू तशी मोटारीला वीज सोडणारे डबे, वीस-एकवीसच्या खाली गेलं की स्वतःच बंद होतात, म्हणून ती झटके देत थांबते.

शेजाऱ्यानं बाराची टाकली तेव्हा खरं तर जुनी काढून नवी टाकली. व्होल्ट बसायचा थांबला, मोटारीला तिचे २४ परत मिळाले, गाडी मूळ वेगावर आली. श्रेय मात्र सगळं बाराच्या आकड्याला. त्यानं नवी सातचीच टाकली असती तरी गाडी जवळपास तेवढीच पळाली असती. हे मी भाच्याच्या कार्टवर स्वतः करून पाहिलं: जुनी जोडी, मग नवी सातची, मग नवी बाराची, तेच पोरगं, तोच मैदानाचा पट्टा. जुन्या आणि नव्या सातमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. नव्या सात आणि नव्या बारात घड्याळ लावूनही वाद घालावा लागेल एवढाच. बाराच्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स थोडा कमी असतो, म्हणून जागेवरून उठताना ती किंचित चपळ वाटते, हे कबूल. पण तोही व्होल्ट टिकल्याचाच फायदा आहे, जास्त लिटरचा नाही.

म्हणून माझा एकच आग्रह. बॅटरी मोजायची तर भारावर मोजा. मोकळ्या बॅटरीचा व्होल्ट म्हणजे लग्नाआधी पाहिलेला नवरदेव, सगळे गुणीच दिसतात.

बाराची बॅटरी टाकून नक्की काय मिळतं? वेळ. इथेही छापील आकड्यावर जाऊ नका. ७ एएच हा आकडा वीस तासांच्या हिशेबाचा असतो, म्हणजे ०.३५ अँपिअर घेत राहिलात तर. २५० वॅटची मोटार २४ व्होल्टवर दहा अँपिअरच्या घरात ओढते. तेवढ्या ओढीला सातातले निम्म्याहून थोडेच जास्त हाती लागतात. वीस-पंचवीस मिनिटांत पोरगं रडत परत येतं ते त्यामुळे. बाराच्या जोडीवर अर्धा-पाऊण तास आरामात निघतो. माझ्या मते पोरांच्या कार्टला एवढा वेळ पुष्कळ आहे, त्यानंतर त्यांनाही तहान लागते.

हे न ऐकणारे आमच्या गल्लीतले एक नाना. त्यांनी नातवाच्या कार्टमध्ये सीटच्या मागे घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बसवली. दीडशे एएच, पन्नास किलोच्या वर वजन, आणि व्होल्ट १२. म्हणजे २४ च्या मोटारीला निम्मे व्होल्ट आणि डोक्यावर एक क्विंटलचा अर्धा बोजा. कंट्रोलर तर उठलाच नाही, म्हणून नानांनी तो काढून मोटारीला थेट वायर जोडली. गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली, दिवसभर चालली असती हे मान्य. पण वळणावर बॅटरी कलंडली आणि झाकणांतून ॲसिड फरशीवर. नातू उतरलेला होता म्हणून निभावलं. पोरांच्या गाडीत पातळ ॲसिडची बॅटरी अजिबात नको, इथे मी वाद घालत नाही. सीलबंद घ्या, किंवा बीएमएससकट, म्हणजे सेल सांभाळणाऱ्या सर्किटसकट, लिथियम आयर्न फॉस्फेटचा तयार पॅक घ्या.

उलट्या बाजूचे शहाणेही आहेत. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की व्होल्ट म्हणजे वेग. मग २४ च्या कार्टला तिसरी बॅटरी सिरीजमध्ये जोडून ३६ करतात. इथे निदान गोष्ट बरोबर कळलेली असते, पण परिणाम पाहिलेला नसतो. हिशेब करू. चाक दहा इंची, म्हणजे एका फेऱ्यात ८० सेंटिमीटर. मोटार भारावर मिनिटाला २,६०० फेरे, पुढे ११ दात्यांचं स्प्रॉकेट आणि मागे ८८ चं, म्हणजे चाकाला ३२५ फेरे. मिनिटाला २६० मीटर, ताशी साडेपंधरा किलोमीटर. ३६ केले की तेवीसच्या वर. वेग दीडपट, पण ब्रेक मारताना जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट, आणि ब्रेक तोच, सायकलछाप पट्टीचा. मोटार अडकली किंवा चढावर दमली की करंट दीडपट, वाइंडिंगमधली उष्णता पुन्हा सव्वादोनपट. एक किलोवर चालणाऱ्या लॅटरलला, म्हणजे ठिबकच्या नळीला, तीन किलो दिले की ड्रीपर उडतात, तसंच हे. मग मंडळी वाइंडिंगवाल्याकडे जळक्या वार्निशचा वास घेऊन येतात.

कंट्रोलरचं तर आणखीच. उघडून आतल्या मोठ्या कपॅसिटरवर काय लिहिलंय ते वाचा. माझ्या हातात आलेल्या एकावर ३५ व्होल्ट होतं. चार्ज केलेल्या तीन बॅटऱ्या मिळून ३८ च्या वर जातात. तो फुटतो तेव्हा आवाज फटाक्याचा येतो. आणि समजा टिकलाच, तरी त्याची बंद व्हायची मर्यादा २४ च्या सेटसाठीची, वीसची. ३६ चा सेट वीसपर्यंत पिळला गेला की तिन्ही बॅटऱ्या गेल्या म्हणून समजा.

वेगच हवा असेल, तर स्प्रॉकेट बदला. मागचं लहान केलं की वेग वाढतो, ओढ कमी होते. मोठं केलं की उलट. बॅटरी, मोटार, कंट्रोलर, काहीच बदलावं लागत नाही. सहा-सात वर्षांच्या पोरासाठी मी तर मागचं मोठंच बसवतो, कितीही कुरकुर केली तरी.

सिरीज-पॅरललचा गोंधळ फार मोठा नाही, पण उरकून टाकतो. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला की व्होल्टची बेरीज, एएच तेवढाच. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडला की एएचची बेरीज, व्होल्ट तेवढाच. दोन १२ व्होल्ट १२ एएचच्या बॅटऱ्यांतून कशाही जोडल्या तरी २८८ वॅट-अवरच, म्हणजे व्होल्ट गुणिले एएच, निघतात. जोडणी बदलून फुकटात काही मिळत नाही. जोडीत एक नवी आणि एक जुनी कधीही नको. सिरीजमध्ये जुनी आधी संपते आणि नवी तिला उलटी ढकलत राहते. चार्जरही सेटच्या व्होल्टचाच. आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला लागूनच, सीटखाली वायरच्या दुसऱ्या टोकाला नाही.

सजावटीबद्दल मला विचारू नका, तरी सांगतो. फ्रेम घासून रेड ऑक्साइड आणि वर एनॅमल, पिवळा किंवा केशरी, लांबून दिसावा असा. एलईडीच्या पट्ट्या आणि स्पीकर मला बघवत नाहीत, पण सीटवरच्या भाच्याचं मत वेगळं आहे आणि गाडी त्याची आहे. चेनवर पत्र्याचं कव्हर मात्र सगळ्यात आधी, रंगाच्याही आधी. पोरीचा फ्रॉक असो की पोराचा पायजमा, चेन भेद करत नाही.

गेल्या महिन्यात वरणगावहून एक जण आला. तीच तक्रार, तीच मागणी, आणि नवी बाराची जोडी पिशवीत घेऊनच आलेला. मी मीटर लावला, त्याच्या पोराला बसवून पेडल दाबायला लावलं. भारावर २३.८. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मागचं चाक उचलून हातानं फिरवलं तर अर्धा फेरा फिरून थांबलं. ब्रेकची पट्टी गंजून ड्रमला चिकटलेली, आणि चेनला तेल लागून किती पावसाळे गेले कुणास ठाऊक. पट्टी सोडवली, चेन रॉकेलनं धुऊन तेल दिलं, मोटारीचे झिजलेले कार्बन बदलले. नवी जोडी त्यानं दुकानात परत केली की इन्व्हर्टरला लावली, ते मी विचारलं नाही.