जिबचा स्क्रू कोणता, लॉकचा कोणता

छोट्या मिलिंग मशीनच्या टेबलाखाली, सॅडलच्या (ज्यावर टेबल सरकतं त्या भागाच्या) पुढच्या अंगाला एका ओळीत चार-पाच स्क्रू असतात. सगळे एलन कीचे, मापाने साधारण सारखे. त्यातले तीन-चार जिबचे, म्हणजे टेबलाचा खेळ (नको असलेली हालचाल) कमी करणाऱ्या पट्टीचे, आणि एक लॉकचा, म्हणजे टेबल जागेवर धरून ठेवणारा. लॉकच्या स्क्रूला मुळात छोटी दांडी असते. पण जुन्या मशीनवर ती तुटून गेलेली असते आणि तिच्या जागी हाताला लागेल तो स्क्रू बसवलेला असतो. मग सगळी ओळ एकसारखी दिसते आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

सोयाबीनच्या हंगामाआधी आमच्या चिकलठाण्याच्या शेडमध्ये मळणी यंत्राचा एक शाफ्ट आला होता. ३० मिलिमीटरचा शाफ्ट, ८ चा की-वे, म्हणजे चावी बसायची खाच. मशीनवर नुकताच आयटीआय करून आलेला पोरगा होता. की-वे एका टोकाला ८.०४ भरला, दुसऱ्या टोकाला ८.१७. त्या टोकाला चावी नुसत्या बोटाने हलत होती.

"उस्ताद, टेबल हलत होतं म्हणून मी टाइट करून घेतलं."

"कोणता स्क्रू फिरवलास?"

त्याने लॉकच्या स्क्रूवर बोट ठेवलं. त्याला बोलण्यात अर्थ नव्हता. दोन स्क्रूंतला फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता, आणि ते सांगायचं काम माझं होतं. तेच इथे लिहितोय.

टेबल डव्हटेलवर, म्हणजे तिरक्या कडांच्या खाचेवर सरकतं. डव्हटेलच्या एका बाजूला टेबल आणि सॅडल यांच्यामध्ये एक पातळ पोलादी पट्टी घातलेली असते, तीच जिब. तिच्या पाठीवर छोटे खळगे असतात आणि त्यांत जिबच्या स्क्रूंची टोकं बसतात. स्क्रू आत घेतला की पट्टी टेबलाकडे सरकते, खेळ कमी होतो. पण टेबल हाताने सरकलंही पाहिजे. म्हणून जिबचा स्क्रू कधीच पूर्ण आवळायचा नसतो. तो आपल्या जागी नुसता उभा राहायला हवा: मागे नाही, पुढे नाही.

लॉकच्या स्क्रूचं काम बरोबर उलटं. एक्समध्ये (डावी-उजवीकडे) टेबल हलवायचं नसेल, फक्त वायमध्ये (पुढे-मागे) कट घ्यायचा असेल, तेव्हा तो आवळायचा आणि काम झालं की पूर्ण मोकळा करायचा. छोट्या मशीनवर तोही बहुधा त्याच जिबवर दाबतो, पण एकाच जागी. अर्धवट आवळून ठेवला तर टेबल हाताला घट्ट लागतं खरं. पण ते त्या एका बिंदूवर धरलेलं असतं आणि दोन्ही टोकं त्याच्याभोवती डोलतात. आमचा की-वे असाच एका टोकाला पसरला. शिवाय पातळ पट्टी मधोमध वाकते. वर्षानुवर्षं लॉक जोर लावून आवळला की तिच्यावर खड्डाही पडतो.

आता मूळ दुखणं: जिबचे स्क्रू ढिले का होतात?

स्क्रू किंवा बोल्ट जागेवर राहतो तो ताणामुळे. आवळला की तो थोडासा ताणला जातो, आट्यांवर दाब येतो आणि त्या दाबातून येणारं घर्षण त्याला फिरू देत नाही. जर्मन इंजिनियर गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की आडव्या हादऱ्यांनी आटे एकमेकांवर घसरायला लागले की हे घर्षण हरतं आणि बोल्ट आपोआप उलटा फिरतो. जिबच्या स्क्रूला तर मुळात ताणच नाही, कारण तो आवळायचाच नाही. त्यात एंड मिलचा, म्हणजे फिरणाऱ्या कटरचा प्रत्येक दात कामावर आदळतो आणि तो हादरा टेबलातून थेट जिबवर येतो. एम४ (४ मिलिमीटर व्यासाच्या) स्क्रूची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे जातो ते अंतर, ०.७ मिलिमीटर, म्हणजे स्क्रू नुसता ३० अंश मागे फिरला तरी जवळजवळ ०.०६ चा फरक पडतो. डोळ्याला दिसणारही नाही एवढं फिरणं, पण फिनिशवर लगेच दिसतं. लॉकचा स्क्रू मात्र आवळलेला असेपर्यंत स्वतःच्या ताणावर उभा असतो. त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

स्प्रिंग वॉशर घाला, असा सल्ला मी पुष्कळदा ऐकला आहे. जिबचा स्क्रू म्हणजे ग्रब स्क्रू, त्याला डोकंच नसतं. वॉशर दाबणार कशाखाली?

जिबच्या स्क्रूला खरा आधार चेकनटचा, म्हणजे त्याच स्क्रूवर बाहेरून आवळायच्या नटाचा. चेकनट सॅडलवर टेकतो आणि स्क्रूला बाहेर ओढून धरतो, म्हणजे जो ताण जिबवर द्यायचा नव्हता तो नट आणि सॅडल यांच्यामध्ये तयार होतो. पण इथे एक गोष्ट हमखास चुकते. नट आवळताना स्क्रू आट्यांतल्या फटीएवढा मागे येतो, आणि धरला नाही तर नटाबरोबर फिरतोही. म्हणून स्क्रू एलन कीने धरून ठेवायचा आणि नट पान्याने आवळायचा. आधी स्क्रू हवा त्याहून किंचित घट्ट ठेवायचा. किती किंचित, ते त्या मशीनचा हातच सांगतो. मी नट आवळल्यावर हँडव्हील फिरवून बघतो. टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जोराने जायला हवं. पहिल्याच खेपेला बरोबर बसलं असं माझ्या बाबतीत क्वचितच झालंय. तीन-चार वेळा करावं लागतं, घाई करू नये.

काही मशीनवर चेकनटला जागाच नसते, स्क्रू भोकात खोल असतो. तिथे भोक पुरेसं लांब असेल तर मागून दुसरा ग्रब स्क्रू घालून पहिल्यावर आवळायचा. तेही नसेल तर लॉकटाइट, म्हणजे आट्यांत लावायचा गोंद. ते हवेत पातळ राहतं. आट्यांत हवा बंद झाली आणि धातू लागला की घट्ट होतं. बाटली अर्धी रिकामी का मिळते त्याचंही कारण हेच: आत हवा राहावी लागते. जिबसाठी जांभळं २२२ घ्यायचं. ते छोट्या आणि पुन्हा फिरवाव्या लागणाऱ्या स्क्रूंसाठीच आहे. निळं २४३ मध्यम ताकदीचं, एम४ सारख्या बारीक स्क्रूला ते जास्तच होतं. सोडवताना एलन कीचा कोपरा आधी गोल होतो. लाल २७१ जिबला कधीच नको, ते सोडवायला आच द्यावी लागते. आटे आधी अॅसिटोनने तेलमुक्त करा, लॉकटाइट लावा, स्क्रू फिरवून माप पक्कं करा आणि मग एक दिवस मशीन चालवू नका. पूर्ण घट्ट व्हायला साधारण २४ तास लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते लवकर धरतं, म्हणून त्या दिवसांत जुळवणी सकाळीच करावी. मला स्वतःला चेकनटच जास्त भावतो. जिब झिजते, आणि ती दर काही महिन्यांनी पुन्हा सेट करायची असते. लॉकटाइट दर वेळी खरवडून पुन्हा लावावं लागतं.

बॅकलॅश, म्हणजे हँडव्हील उलटं फिरवल्यावर टेबल हलण्याआधी जाणारा रिकामा फेरा, ही तिसरीच गोष्ट. ती फीड स्क्रू (टेबल सरकवणारा) आणि त्याच्या नटाची. जिब कितीही घट्ट केली तरी ती जात नाही.

खेळ खरंच जिबचा आहे का, हे बघायला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) मॅग्नेटिक बेसवर लावून टीप टेबलाच्या पुढच्या कडेला, टोकाजवळ टेकवायची आणि टेबलाचं टोक हाताने पुढेमागे ढकलायचं. आमच्या मशीनवर काटा ०.०३ च्या आत राहिला तर मी काम सुरू करतो. लॉक मोकळा असताना बघायचं, नाहीतर आकडा खोटा येतो.

त्या शाफ्टचा की-वे पुढे १० चा करून दिला आणि चावी तेवढीच बनवली. त्यानंतरच्या खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून पूजा करण्याआधी त्या पोरानेच लॉकच्या स्क्रूच्या डोक्याला लाल रंग दिला. जिबच्या प्रत्येक स्क्रूच्या टोकावरून, चेकनटवरून, खाली सॅडलपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढली. आता रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी तो वाकून चारही रेघा बघतो. कुठली जराशी तुटलेली दिसली, की एलन की आणि पाना घेऊन आधी मला हाक मारतो.