चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतोच!

‘ट्रान्सफॉर्मर डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालत नाही, म्हणून हलक्या मोबाइल चार्जरमध्ये तो नसतो’ हे अर्धसत्य फार जुनं. ट्रान्सफॉर्मरला हवं असतं बदलतं चुंबकीय क्षेत्र. चार्जर 230 व्होल्ट एसीचा (दिशा बदलत राहणाऱ्या विजेचा) आधी सुमारे 325 व्होल्ट डीसी करतो, मग मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. घरच्या विजेच्या 50 हर्ट्झऐवजी एवढी वारंवारता मिळाली, की सुपारीएवढा फेराइट गाभाही (तारेच्या वेढ्यांमधला चुंबकीय भाग) पुरतो.

खरी गंमत अशा चार्जरमध्ये सहसा असणाऱ्या ‘फ्लायबॅक’ रचनेत. स्विच चालू असताना दुय्यम (फोनकडच्या) बाजूचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, वाट अडवतो. ऊर्जा मुख्यतः गाभ्यातल्या बारीक फटीत साठते आणि स्विच बंद झाल्यावरच पलीकडे जाते. म्हणून इथे व्होल्टेज नुसत्या दोन्ही बाजूंच्या वेढ्यांच्या गुणोत्तरावर ठरत नाही. स्विच किती वेळ चालू राहतो, हेही पाहावं लागतं.